पट्ट्यातलं वेगळं घुंगरू

संपादकांनी मला हलकंफुलकं काहीतरी लिहायला सांगितलं होतं. वाळवंटात बसून बर्फातल्या घोडागाड्यांची घुंगरं ओळखणारी पुण्याची बाई, हा विषय गमतीचा आहेच. मीही तसंच लिहायला बसले होते. पण गेल्या नाताळात एक फोन केला आणि तिकडून जे ऐकलं त्यानंतर ते दोन-तीन गमतीचे कागद मी फाडले. तरी सुरुवात धंद्यापासूनच करते, कारण तो समजल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

मी मुळात कमी बोलणारी. माहेर कासारांचं. आजोबांचं पितळेचं ओतकाम होतं. लग्नानंतर शारजाला आले, अल मजाजला तळ्याकाठच्या टॉवरमध्ये राहिले, आणि मुलं शाळेत जायला लागल्यावर हमीदभाईंच्या गोदामात हिशोब लिहायला लागले. हमीदभाई रत्नागिरीकडचे. जुन्या वस्तूंचा व्यापार. ओमानी पेटारे, इराणी समया, जहाजांवरचे कंदील आणि परत जाणाऱ्या गोऱ्या लोकांनी विकलेलं काय वाट्टेल ते. एकदा एका खोक्यात चामडी पट्ट्यावर ओवलेली पितळी घुंगरं आली. हमीदभाई म्हणाले, "वहिनी, तुम्ही कासाराच्या ना? बघा जरा, हे बैलाचं का घोड्याचं?" मी बघितलं आणि त्या दिवसापासून हिशोबाचं काम सुटलं.

बर्फावरून जाणारी गाडी बिनचाकाची असते. ती घसरत येते, आवाज करत नाही. वळणावर समोरच्याला कळावं म्हणून घोड्याच्या अंगावर घुंगरांचा पट्टा बांधायचा. आपल्या बैलाच्या घुंगरमाळेची ही थोरली, थंड देशातली बहीण. आता त्या गाड्या गेल्या आणि पट्टे नाताळात दारावर टांगायला राहिले. जुना, अस्सल पट्टा असेल तर लोक बरीच किंमत मोजतात, म्हणून नकली पट्टेही निघतात. अस्सल-नकली सांगणं हे माझं काम.

त्यात जादू काही नाही. आधी हातात घ्यायचं. जुनं घुंगरू ओतीव आणि जाड असतं, तळहातावर बसतं. नवं पत्र्याच्या दोन वाट्या जोडून केलेलं, कमरेला सांधा दिसतो. ओतीव घुंगराला सांधा नसतो. मग आतली गोळी आत गेली कशी, हा प्रश्न प्रत्येक गिऱ्हाईक विचारतं. वाळूच्या गोळ्यात लोखंडी गोळी ठेवायची, त्याच्याभोवती पितळ ओतायचं, थंड झाल्यावर घुंगराच्या तोंडाच्या चिरेतून वाळू झटकून काढायची. गोळी बाहेर येऊ शकत नाही, ती तिथेच राहते आणि आयुष्यभर वाजते. मग भिंगातून बघायचं. चरकावर फिरवल्याच्या बारीक रेषा, खाली ओतलेला मापाच्या आकड्याचा ठसा, चिरेच्या काठावर गोळीनं केलेली झीज. ॲसिडनं काळं केलेलं पितळ वरून जुनं दिसतं, पण ही झीज ॲसिडला करता येत नाही.

गिऱ्हाइकं एकेक असतात. एका मोठ्या हॉटेलचा परचेस मॅनेजर आला. त्याला लॉबीतल्या झाडासाठी ढीगभर घुंगरं हवी होती, अँटिक, पण चकचकीत, आणि सगळी एकसारखी. हमीदभाईंनी त्याला चहा पाजला. तो गेल्यावर म्हणाले, "जुना पायजे, पण जुना दिसायला नको. आमच्या बायकोला पण असाच नवरा पायजे होता." त्याला आम्ही मुरादाबादचा नवा माल दिला, नवा म्हणूनच दिला, आणि तो खूष झाला.

दुसरं एक आपलंच घर, आमच्याच बिल्डिंगच्या मागे राहणारं. नवऱ्यानं कुठल्याशा जुन्या बाजारातून पट्टा आणला होता. मी येणार म्हणून बाईंनी तो आदल्या दिवशी चिंच-मीठ लावून, घासून, सोन्यासारखा करून ठेवला होता. दिवाळी तोंडावर, पाहुणी येणार आणि घरातलं पितळ काळं राहील, हे कुठल्या मराठी बाईला सहन होईल? मी टेबलावर बघितलं आणि खुर्चीत बसले. आकडे अर्धे पुसले होते, चिरेचे काठ कोरे झाले होते. त्यांचा मुलगा मोबाइलवरून मान वर न करता म्हणाला, "मॉम, आय थिंक आंटी इज गोइंग टू क्राय." बाई म्हणाल्या, "का हो, डाग राहिलेत का?"

त्या दिवशी मला वाचवलं चामड्यानं. पितळ घासता येतं, चामडं घासता येत नाही. घुंगरू वर्षानुवर्षं एका जागी बसलं की त्याच्या खाली चामड्यात खळगा पडतो, त्याच घुंगराच्या आकाराचा, काळा, गुळगुळीत. घुंगरू थोडं कलतं करून खाली बघितलं की ते तिथं कधीपासून आहे ते समजतं. मी त्या बाईंच्या पट्ट्याचं एकेक घुंगरू कलतं केलं आणि पट्टा जुनाच आहे असं लिहून दिलं. घासल्यामुळे किंमत निम्म्याहून खाली आली होती, ती दिरहममध्ये सांगितली. नवऱ्यानं तिथल्या तिथे मोठ्यानं रुपये केले आणि बायकोकडे बघितलं. गोदामात आल्यावर मी हमीदभाईंना म्हणाले, की पितळाला काही विचारू नये, चामड्याला विचारावं. हे वाक्य मला फार आवडलं होतं. पुढे बऱ्याच जणांना ऐकवलं.

हे मुद्दाम आधी सांगते आहे. कारण यानंतर जे झालं तेव्हा मला चामड्याचं माहीत नव्हतं, असं कुणाला वाटू नये.

काही वर्षांपूर्वी नाताळाच्या आधी अबुधाबीहून बोलावणं आलं. अल रीम आयलंडवरचा उंच मजला, समोर खाडी. इंग्रिड मॅडम नॉर्वेच्या. नवरा तेलाच्या कंपनीत होता, तो गेल्यावरही त्या इथेच राहिल्या होत्या. स्वतःच्या वडिलांचा पट्टा मुलाच्या नावे करायचा होता, इन्शुरन्ससाठी व्हॅल्युएशन हवं होतं. मुलगाही आलेला होता.

दार उघडलं ते झुबेदानं. रायगडची, म्हसळ्याच्या बाजूची. मुलगा चालायला लागला तेव्हापासून त्या घरात. माझ्या इंग्रजीवरूनच तिनं ओळखलं बहुतेक. हळूच म्हणाली, "ताई पुण्याच्या का? मग चहात आलं घालते." पट्टा टेबलावर पांढऱ्या कापडावर ठेवला होता. सुंदर होता. पितळावर जुना तपकिरी मध चढल्यासारखा रंग. मी कौतुक केलं तेव्हा झुबेदा म्हणाली, दर वर्षी तीच पुसते, पण सुक्या फडक्यानं, पाण्याचा थेंब लागू देत नाही. मी मॅडमना सांगितलं, की तुमचा पट्टा या बाईमुळे टिकला आहे. मॅडम हसल्या. इथपर्यंत सगळं छान होतं.

मी एका टोकापासून बघत गेले. घुंगरं मधे मोठी, दोन्हीकडे लहान होत गेलेली, आकडे जागच्या जागी. आणि एका टोकाजवळ माझा हात थांबला. हे घुंगरू वेगळं होतं. त्याच्या कमरेला पीळ दिलेल्या दोरीसारखी नक्षी होती. ती मेणाच्या धाग्यानं करतात, आधी मेणाचं घुंगरू, मग त्यावर माती, मग ओतकाम. हलवलं तर आत लोखंडी गोळीचा टणत्कार नाही, खड्याचा खळखळाट. मी डोळे मिटून सांगितलं असतं. आजोबांच्या ओसरीवर अशा घुंगरांच्या पाट्या पडलेल्या असायच्या. बेंदराच्या आधी शेतकरी येऊन कानाशी हलवून बघायचे.

इतकी वर्षं मी परक्यांची घुंगरं परक्यांना समजावून सांगत होते. पहिल्यांदाच माझ्या घरचं काहीतरी त्या टेबलावर आलं होतं. मला आनंद झाला. मी तो आनंद मोठ्यानं बोलून दाखवला. म्हणाले, हे तुमच्याकडचं नाही, हे आमच्याकडचं, इंडियातलं, बैलाच्या गळ्यातलं.

मी वर बघितलं. मुलगा झुबेदाकडे बघत होता. मग मॅडमही तिकडे बघायला लागल्या. झुबेदा चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती.

काय झालं ते मला तेव्हा कळलं. एक घुंगरू इंडियातलं आणि घरात एक बाई इंडियातली. त्यांनी बेरीज केली होती. मुलानं विचारलं, हे अलीकडे बदललेलं असू शकतं का?

आमच्या धंद्यात एक सवय असते. 'नाही' असं म्हणायचं नाही. नाही म्हटलं आणि उद्या उलटं निघालं तर आपण अडकतो. सगळे व्हॅल्युअर 'शक्य आहे' म्हणतात. मी म्हणाले, "पॉसिबल."

झुबेदाला घरातलं इंग्रजी येत होतं, पण त्या क्षणी ते कुठेतरी गेलं. ती माझ्याकडे वळली. "ताई, हे पयल्यापासून आहे. मी आले तेव्हापासून बघते. सांगा ना त्यांना."

मुलानं मला विचारलं, ती काय म्हणते आहे?

त्या खोलीत मराठी कळणारी मी एकटी होते. तिनं एवढंच मागितलं होतं, तिचं वाक्य पलीकडे पोचवायचं. ते खरं का खोटं हेही मला ठरवायचं नव्हतं. पण माझ्या मनात आलं, आपण हिची बाजू घेतोय असं दिसेल. दोघी एका मुलखाच्या, आत्ताच चहावरून बोलत होत्या. माझ्या शब्दाची किंमत जाईल. आपल्या माणसाशी परक्यांसमोर जरा जास्तच कोरडं वागायचं, ही इथे नोकरी करणाऱ्या आमची जुनी खोड. आपण निःपक्षपाती आहोत हे दाखवायची घाई.

मी म्हणाले, "शी इज अपसेट."

झुबेदाला तेवढं इंग्रजी कळलं. ती माझ्याकडे बघतच राहिली. मग ट्रे टेबलावर ठेवून आत गेली. तो आल्याचा चहा मी प्यायले. हेही लिहायला हवं, प्यायले.

रिपोर्टमध्ये मी लिहिलं: एक घुंगरू मूळचं नाही, भारतीय बनावटीचं, अलीकडे बदललं असल्याची शक्यता नाकारता येत नाही. ते घुंगरू कलतं करून बघितलं नव्हतं. त्या खोलीतून बाहेर पडायचं होतं.

नाताळ झाल्यावर, मुलाला न्यायचा म्हणून, पट्टा पॅकिंगसाठी गोदामात आला. मी घुंगरं फोमवर बसवत होते. त्या वेगळ्या घुंगराला हात लागला, ते कललं, आणि खाली चामडं दिसलं. तिथे खळगा होता. खोल, काळा, तुळतुळीत. त्यात त्या दोरीच्या नक्षीचा पीळ न् पीळ उमटला होता. मी भिंग लावलं. काढलं. दिव्याखाली नेऊन पुन्हा लावलं. झुबेदा त्या घरात येण्याच्या कितीतरी आधीपासून, बहुधा ती जन्मायच्याही आधीपासून, ते घुंगरू तिथं बसलेलं होतं.

हमीदभाई मागे येऊन उभे राहिले होते. त्यांना मी अबुधाबीची गोष्ट सांगितली होती, भाषांतराचं सोडून. त्यांनी वाकून बघितलं. मग म्हणाले, "वहिनी, आत्ताच्या आत्ता फोन लावा. आपली बाय हाय ती."

मी लावला. मॅडमनी उचलला. मी झुबेदाची चौकशी केली. त्या म्हणाल्या, तिचा व्हिसा कॅन्सल केला, ती गेली. आवाज सपाट होता. मी 'अच्छा' म्हटलं. पट्टा केव्हा पाठवू ते विचारलं. फोन ठेवला.

हमीदभाईंनी विचारलं, "झालं?" मी म्हणाले, "झालं." त्यांना वाटलं मी सांगितलं. मी तसं वाटू दिलं. "अलहमदुलिल्ला," म्हणाले ते, आणि कामाला लागले.

त्यानंतर मी पुष्कळ पट्टे बघितले. प्रत्येक वेळी आधी चामडं बघते. लोक म्हणतात, मॅडम फार बारकाईनं काम करतात.

गेल्या नाताळात इंग्रिड मॅडमनी स्वतः फोन केला. त्या कायमच्या परत निघाल्या होत्या, बऱ्याच वस्तू द्यायच्या होत्या. मी गेले. घर निम्मं रिकामं झालं होतं. पट्टा दारावर टांगलेला होता. मुलानं नेलाच नव्हता. मी जाताना ठरवून गेले होते. बसायच्या आधीच सांगून टाकलं, खळगा, नक्षी, सगळं. झुबेदाचं वाक्यही सांगितलं, जे तेव्हा सांगायचं होतं ते.

मला वाटलं होतं त्या ओरडतील, किंवा रडतील. त्या उठल्या आणि आतून एक लहानसा फोटो घेऊन आल्या. बर्फात उभी घोडागाडी, गाडीत एक माणूस आणि मांडीवर टोपी घातलेली मुलगी. घोड्याच्या छातीवर पट्टा. टोकाजवळ ते घुंगरू. भिंगाचीही गरज नव्हती. त्यांचे वडील जहाजावर इंजिनिअर होते, मुंबईला येऊन गेलेले. एक घुंगरू हरवलं असेल, तिथल्या बाजारातून दुसरं आणलं असेल.

"हा फोटो कधी मिळाला?" मी विचारलं.

त्या म्हणाल्या, त्याच हिवाळ्यात. झुबेदा गेल्यानंतर थोड्याच दिवसांनी.

मला आधी समजलंच नाही. मग समजलं तेव्हा मी उभीची उभी राहिले. इतकी वर्षं मी एकटी हे ओझं बाळगते आहे असं मला वाटत होतं. तिकडे अबुधाबीत त्या तेच घेऊन बसल्या होत्या. दोघींनाही माहीत होतं, आणि जिला कळायला हवं होतं तिला दोघींपैकी कुणीही सांगितलं नव्हतं. मी विचारलं, "मग तुम्ही तिला का नाही...?"

त्यांनी फोटो परत हातात घेतला. मग इंग्रजीत जे म्हणाल्या ते असं: "फोटो बघून मला वाटलं, माझंच काही चुकतंय. तुम्ही तज्ज्ञ होता. शिवाय तुम्हाला तिची भाषा येत होती. तिनं काही सांगितलं असतं, तर तुम्ही मला सांगितलं असतं."

पुढे म्हणाल्या, नंतर नंतर फोटोच खरा हे कळत होतं, पण तोवर फार उशीर झाला होता आणि लाज वाटत होती. मग त्यांनी पट्टा खाली घेतला, मागची तार स्वतःच्या बोटांनी उलगडली, ते घुंगरू काढलं आणि माझ्या हातावर ठेवलं. तिला द्या म्हणाल्या. त्या जागी पट्ट्यात नुसता खळगा राहिला. किंमत ठरवणारी बाई म्हणून सांगायचं तर पट्टा त्या क्षणी खराब झाला. मी थांबवलं नाही.

नंबर हमीदभाईंनी मिळवून दिला. म्हसळ्याच्या बाजूचं कोणी ना कोणी शारजात असतंच. त्यासाठी त्यांना खरं सांगावं लागलं, की तेव्हा मी सांगितलंच नव्हतं. मला कधी वहिनी म्हटल्याशिवाय न बोलणारा माणूस, त्या दिवशी नुसता नंबर लिहिलेली चिठ्ठी पुढे करून निघून गेला.

झुबेदानं आवाज ओळखला. मी 'पुण्याची' एवढंच म्हटलं, ती म्हणाली, "हां ताई. आल्याचा चहा." मागून भाकऱ्या थापल्याचा आवाज येत होता. मुंबईहून येणाऱ्या लोकांना ती तांदळाच्या भाकऱ्या करून देते. मी सगळं सांगितलं. मधे एकदाही थांबले नाही, थांबले असते तर पुढे गेले नसते. ती ऐकत होती. भाकरी थापणं थांबलं नव्हतं.

मी विचारलं, लेक नर्सिंगला होती ना, झालं का तिचं? त्या वेळी चहा करताना ती मला कौतुकानं ते सांगत होती.

"अर्धं," ती म्हणाली.

मी म्हणाले, की मॅडमनी ते घुंगरू तुझ्यासाठी दिलं आहे. मी सुट्टीत येईन, स्वतः गावी घेऊन येईन, तुझ्या हातात देईन.

थापणं थांबलं.

"नको ताई," ती म्हणाली. "ते घेऊन माझ्या दारात येऊ नका."

मला वाटलं राग आहे. असायलाच हवा. मी म्हणाले, की तुझा राग मला समजतो.

"रागाचं नाय. तुम्हाला अजून कळलं नाय." तिचा आवाज चढला नव्हता, समजूत घालावी तसा होता. "मी आले तेव्हा गावात आधीच येऊन पोचलं होतं, गोऱ्या बाईचं घुंगरू चोरून आली म्हणून. काय चोरलं ते कुणी बघितलं नव्हतं. आता तुम्ही गाडी घेऊन येणार, ते हातात देणार. लोक काय म्हणतील? बघा, निघालं ना शेवटी हिच्याच घरात."

माझ्या हातात ते घुंगरू होतं. मी ते टेबलावर ठेवलं, आवाज होऊ नये असं हळू.

तिला विचारलं, मग मी काय करू?

ती म्हणाली, "तेव्हा मी एकच सांगितलं होतं, सांगा ना त्यांना. मॅडमला आता कळलं, बरं झालं. पण मॅडमनी मला कुठं गावात बोल लावला? इथं वाचनालय आहे, दिवाळीला अंक येतात. मास्तर वाचतात, मग सगळ्या गावाला सांगतात. तुम्ही शिकलेल्या. तिथं लिहा. आपल्या भाषेत लिहा. आणि नाव माझंच घाला, बदलू नका. चोरीच्या वेळी कुणी बदललं नव्हतं."

म्हणून हे लिहिलं. घुंगरू हमीदभाईंच्या गोदामात फडताळात आहे, ते विकायचं नाही असं त्यांनी वर चिकटवलं आहे. आणि म्हसळ्याच्या बाजूच्या त्या वाचनालयात हा अंक पोचला असेल, तर मास्तर, एवढी शेवटची ओळ जरा मोठ्यानं वाचा.

ते घुंगरू पहिल्यापासून तिथंच होतं. झुबेदानं काहीही घेतलं नव्हतं.